पावसाळ्यात फ्यूज उडवणारा जुना ट्रान्समीटर: सादळलेला एचटी ट्रान्सफॉर्मर कसा वाळवायचा

जूनपर्यंत बिनतक्रार चाललेला संच जुलैत एचटीचा (हाय टेन्शन, म्हणजे उच्च दाबाचा) स्विच टाकताक्षणी फ्यूज उडवतो आणि नवरात्र सरलं की काहीही न करता पुन्हा चालू लागतो. बडोद्यातल्या जुन्या व्हॉल्व्ह ट्रान्समीटरचं हे दरवर्षीचं दुखणं आहे. पंधराशे ते तीन हजार व्होल्ट देणारा प्लेट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढचा चोक (डीसी सपाट करणारी गुंडाळी) आणि मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाजाचा सिग्नल चढवणारा), या तिघांपैकी कुणीतरी सादळलेलं असतं. आत इन्सुलेशन म्हणून क्राफ्ट कागद, सुती फीत, लेदरॉइड (जाड दाबलेला कागद), एम्पायर क्लॉथ (वॉर्निश दिलेलं कापड) असतं. डब्याबाहेर राहिलेला पापड हवेतली ओल पितो, तसाच हा मालही पितो. पापडाला एक दुपार पुरते, ट्रान्सफॉर्मरला एक पावसाळा लागतो. आत गेलेली ओल बाहेर काढायलाही तसाच वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक ट्रान्सफॉर्मर जळतात ते त्या घाईत.

लक्षणं

- पहिल्या स्विचला फ्यूज जातो. नुसते फिलामेंट चालू ठेवून कॅबिनेट अर्धा-पाऊण तास गरम होऊ दिलं तर एचटी टिकते.
- एचटी दिल्यावर बारीक तडतड ऐकू येते, ओझोनचा उग्र वास येतो, जवळच्या रिसीव्हरमध्ये सळसळ सुरू होते.
- काहीही ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) नसताना प्लेट करंटचा काटा थरथरतो.
- अर्थ ढिली असेल तर चॅसीला हात लावल्यावर मुंग्या येतात.
- टर्मिनलवर हिरवी पूड, स्टॅम्पिंगच्या (लोखंडी गाभ्याच्या पत्र्यांच्या) कडांना गंज, फितीला बंद खोलीसारखा कुबट वास.
- तेलाचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तेल दुधाळ किंवा गढूळ दिसतं.

यातलं एखादंच लक्षण असेल तर ओलीवर लगेच खापर फोडू नका. दोन-तीन एकत्र दिसली आणि ती पावसाळ्यातच दिसत असली, तर पुढे वाचा.

चोक आणि मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्यांच्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) कायम पॉझिटिव्ह डीसी असते आणि कोअर (लोखंडी गाभा) अर्थला असतो. ओल असली की तिथे इलेक्ट्रोलिसिस होतं, तांबं हळूहळू विरघळतं, हिरवा ठिपका पडतो आणि एक दिवस तार तुटते. प्लेट ट्रान्सफॉर्मर सादळला तर वाळवून बरा होतो. चोकची तार तुटली तर वाळवून काहीच होत नाही. म्हणून हाती घेतल्यावर आधी चोक तपासा. जुन्या काळी काही लोक चोक मुद्दाम निगेटिव्ह लाइनमध्ये टाकायचे, त्याचं एक कारण हेच होतं.

हात लावण्याआधी

चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अडीच हजार व्होल्टला साडेबारा ज्यूल साठवतो. माणूस जायला तेवढे पुरतात. ब्लीडर रेझिस्टर (संच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) शाबूत असेल तर हा चार्ज काही सेकंदांत उतरतो. ब्लीडर तुटलेला असेल तर तासन्‌तास राहतो, आणि तुटलेला ब्लीडर बाहेरून कळत नाही. प्लग भिंतीतून काढा. लांब दांडीच्या काठीला रेझिस्टरमधून अर्थला जोडलेली तार बांधून कपॅसिटर उतरवा, मग थेट शॉर्ट करा आणि शॉर्ट तसाच लावून ठेवा. जुने तेल-कागदाचे कपॅसिटर एकदा उतरवल्यावरही थोड्या वेळाने स्वतःहून व्होल्टेज परत धरतात. एकटे असताना एचटीचं काम करू नका.

तपासणी पहिली: दोष ट्रान्सफॉर्मरचाच आहे का? (खर्च शून्य)

संचात ८६६-ए जातीच्या पाऱ्याच्या रेक्टिफायर असतील तर आधी त्यांच्यावर संशय घ्या. संच महिनोन्‌महिने बंद पडून होता किंवा कुठून हलवून आणला, की पारा फिलामेंटवर आणि प्लेटवर उडालेला असतो. अशा वेळी एचटी दिली तर आतल्या आत उलटा भडका होतो आणि फ्यूज जातो. अर्धा तास नुसतं फिलामेंट पेटतं ठेवल्यावर पारा खाली जमतो आणि संच चालतो. लक्षण अगदी ओलीसारखं, कारण मात्र वेगळं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. रेक्टिफायरच्या डोक्यावरच्या प्लेट कॅप काढा आणि चॅसीपासून हातभर लांब, कोरड्या इन्सुलेटरवर बांधा. लक्षात ठेवा, स्विच टाकल्यावर या कॅपवर पूर्ण एचटी असणार. आता प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची मेनकडची वाइंडिंग) चालू करा. फ्यूज टिकला तर दोष रेक्टिफायर, फिल्टर कपॅसिटर, चोक किंवा त्यापुढे आहे. तरीही उडाला, तर ट्रान्सफॉर्मर.

परदेशी संचांबाबत आणखी एक घोळ होतो. ६० हर्ट्झसाठी, ११५ व्होल्टसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर चालवला तर कोअर सॅच्युरेट होतो, गुरगुरतो आणि तापतो. त्याला सुमारे ९६ व्होल्टच द्यायला हवेत. हा त्रास बाराही महिने होतो, फक्त पावसाळ्यात नव्हे.

तपासणी दुसरी: वरची घाण (खर्च ब्रश आणि अल्कोहोलचा)

बऱ्याच वेळा ओल आत गेलेलीच नसते. टर्मिनल बोर्डावर आणि बुशिंगवर (तार बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरवर) धुळीचा थर असतो, त्यात क्षार असतात, पावसाळी हवेत तो थर ओला होऊन वीज वाहू लागतो. अडीच हजार व्होल्टला बेकलाइटच्या पट्टीवर इतकी वाट पुरते. पट्टीवर काळी, झाडाच्या फांदीसारखी रेघ दिसली तर तिथून ठिणगी धावलेली आहे आणि बेकलाइटचा कोळसा झाला आहे. ती रेघ पुसून जात नाही. पट्टी बदला किंवा तेवढा भाग खरवडून पूर्ण काढा.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पेट्रोल नको, रॉकेल नको, औषधाच्या दुकानातलं पाणी मिसळलेलं स्पिरिट नको. अल्कोहोल उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेत त्याच्यावर पुन्हा दव धरतं, म्हणून पुसल्यावर कोमट हवा द्या आणि तासभर थांबा. चिनी मातीचं बुशिंग असेल तर त्याच्या पावळीखालची बाजू विसरू नका. पाऊस नसला तरी धूळ तिथेच बसते.

तपासणी तिसरी: मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र)

ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या तारा सोडवा. एकही तार जोडलेली ठेवलीत तर ट्रान्सफॉर्मरचं नव्हे, साऱ्या संचाचं इन्सुलेशन मोजलं जाईल. मग मोजा: एचटी ते कोअर, प्रायमरी ते कोअर, एचटी ते प्रायमरी, आणि फिलामेंट वाइंडिंग त्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल तर तेही. प्रत्येक वाइंडिंगची दोन्ही टोकं एकत्र बांधून घ्या. आधी ५०० व्होल्टचा मेगर, आकडा बरा दिसला तर १००० व्होल्टचा. सादळलेल्या मालावर पहिल्याच फटक्यात ५००० व्होल्टचा मेगर लावणं म्हणजे ओल्या भिंतीत खिळा ठोकणं.

काही प्लेट ट्रान्सफॉर्मरमध्ये एचटीचा मधला टॅप किंवा एक टोक आतूनच कोअरला जोडलेलं असतं. तिथे एचटी ते कोअर शून्य येणारच. तो दोष नव्हे. मधला टॅप अर्थला ठेवायचा म्हणून बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये टॅपजवळचं इन्सुलेशन पूर्ण व्होल्टेजसाठी नसतं, त्यामुळे त्याची जास्त व्होल्टेजला परीक्षा घेऊ नका.

आकडा एक मिनिटाने वाचा, आणि शेजारी तापमान लिहा. तापमान लिहिलं नाही तर तो आकडा कामाचा नाही, कारण दर १० अंशांना इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. ३० अंशांचे १६० मेगाओहम ७० अंशांना १०च दिसतील आणि माल तोच असेल.

दोन-तीन हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी ३० अंशांना वापरायचा ठोकताळा असा: १०० मेगाओहमच्या वर असेल तर चालवायला हरकत नाही. १० ते १०० मध्ये असेल तर वाळवा. १०च्या खाली एचटी अजिबात नको. १च्या खाली असेल तर फक्त बाहेरून ऊब द्या. वाइंडिंगमधून करंट सोडायची पद्धत पुढे दिली आहे, ती सुद्धा तेव्हा नको.

एक आकडा पुरत नाही. ३० सेकंदांचं आणि ६० सेकंदांचं वाचन घ्या. कोरड्या मालात आकडा चढत राहतो आणि ६० सेकंदांचा आकडा ३० सेकंदांच्या सव्वापट किंवा जास्त येतो. सादळलेल्या मालात काटा पहिल्याच सेकंदाला बसतो आणि तिथेच राहतो. काटा मध्येच खाली आपटत असेल, तर आत ठिणगी पडते आहे. मेगर लगेच काढा. मोजून झाल्यावर वाइंडिंग निदान दोन-चार मिनिटं शॉर्ट ठेवा, नाहीतर पुढचं वाचनही खोटं येईल आणि हातालाही बसेल.

मेगरवर गार्डचं टर्मिनल असेल तर त्याचा उपयोग करा. बरेच जण ते आयुष्यभर रिकामं ठेवतात. बुशिंगच्या मध्यावर उघड्या तांब्याच्या तारेचा एक वेढा घट्ट गुंडाळा आणि तो गार्डला जोडा. आता वरून वाहणारा करंट मोजणीत येत नाही. वेढा लावल्यावर आकडा एकदम उसळला तर ओल आत नाही, वर आहे: पुन्हा दुसऱ्या तपासणीकडे जा आणि दोन दिवसांची मेहनत वाचवा. आकडा तसाच राहिला तर ओल आत आहे.

पुराचं पाणी शिरलं असेल तर

२०१९ च्या जुलैअखेर आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरचे कितीतरी संच पाण्याखाली गेले. अशा ट्रान्सफॉर्मरला आधी वाळवायचं नसतं, आधी धुवायचं असतं. हे विचित्र वाटेल, पण पुराच्या पाण्यात चिखल, क्षार आणि गटारही असतं. तसंच वाळवलं तर क्षार कागदात राहतात आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा वाट करून देतात. गाळ सुकायच्या आत नळाच्या स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, शेवटचे दोन-तीन हात डिस्टिल्ड पाण्याने द्या, मग दिवसभर वेगवेगळ्या बाजूंवर पालथा ठेवून निथळू द्या. यानंतर वाळायला आठवडा धरा. डांबर भरलेल्या डब्यात किंवा तेलाच्या टाकीत पाणी गेलं असेल तर ही पद्धत नाही. तो सरळ कारागिराकडे.

पेटीत वाळवणं

वैशाखात गच्चीवर जिथे कुरडया वाळतात तिथे ट्रान्सफॉर्मरही वाळतो, हे खरं आहे. कोरड्या हवेतलं ऊन लोखंडाला चांगलं तापवतं आणि ओल खेचून घेतं. पण दुखणं उमगतं जुलैत, तेव्हा ऊन नसतं आणि हवेतच ओल भरलेली असते. तेव्हा पेटी करावी लागते.

पत्र्याची जुनी ट्रंक किंवा धान्याची कोठी घ्या. तळाशी चार-पाच आणि वरच्या बाजूला तेवढीच, बोटभर रुंदीची भोकं पाडा. भोकांशिवाय निघालेली वाफ आतच फिरत राहील आणि ट्रान्सफॉर्मर वाळण्याऐवजी वाफवला जाईल. आत ६० वॅटचे दोन किंवा तीन फिलामेंटचे बल्ब, वाइंडिंगपासून निदान वीतभर लांब, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा, म्हणजे एकाच बाजूचा कागद करपणार नाही. बाहेरून जुनं गोणपाट किंवा ग्लास वूल. ट्रान्सफॉर्मर विटांवर ठेवा. तापमापकाचं टोक कोअर आणि कॉईल यांच्या सांदीत असू द्या. पेटीतल्या हवेचं तापमान फसवतं.

किती तापवायचं हे आतल्या भरावावर ठरतं. उघड्या फ्रेमचा, वॉर्निश केलेला असेल तर ७० अंशांपर्यंत. काळ्या डांबराने भरलेला असेल तर ५५. पांढरट मेण दिसत असेल तर ४५, त्यापुढे मेण पाझरू लागतं आणि एकदा वाहून गेलेलं मेण परत जागेवर येत नाही. भराव कळत नसेल तर टाचणीने टोचून पाहा, आणि तरीही शंका असेल तर ४५ धरा. जास्त दिवस लागतील, एवढंच.

तापमान तासाला १० अंशांपेक्षा जास्त चढवू नका. बाहेरचा थर झटकन तापला तर आतली ओल अजून आत सरकते, आणि कुठे कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर ती वॉर्निश फोडून निघते. पहिले दोन तास एकच बल्ब पुरे.

आता खरी परीक्षा. पेटी सुरू केल्यावर मेगरचा आकडा आधी घसरतो. समजा ३० अंशांना ८ मेगाओहम होते. ६५ अंशांना पोचेपर्यंत ते अर्ध्या मेगाओहमवर येतील. एक तर तापमानामुळे रोध उतरतो, शिवाय कोपऱ्यात दडलेली ओल सुटून सगळ्या कागदात पसरते. इथे घाबरून लोक पेटी बंद करतात, आणि ट्रान्सफॉर्मर आधीपेक्षा वाईट अवस्थेत राहतो. आकडा तळाशी काही तास, कधी दिवसभर, पडून राहतो. मग चढू लागतो. दर चार तासांनी वही भरा: वेळ, तापमान, मेगाओहम. कागदावर आलेख काढला तर वळण डोळ्यांना दिसतं.

आकडा चढून थांबला आणि त्याच तापमानाला सलग बारा तास तसाच राहिला, की वाळणं संपलं. ६५ अंशांना २५ मेगाओहम स्थिर असतील तर ३० अंशांना पावणेतीनशेच्या आसपास निघतील, उत्तम. साधारण १५ किलोच्या ट्रान्सफॉर्मरला तीन दिवस लागतात, कधी पाच. रात्री बल्ब बंद करून सकाळी लावायचा खेळ करू नका: थंड होताना तो पेटीतली दमट हवा परत ओढतो.

थंड करतानाही तीच काळजी. भोकं बुजवा, आत अर्धा किलो निळं सिलिका जेल ठेवा आणि पेटीतच थंड होऊ द्या. जेल गुलाबी झालं असेल तर ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तास तापवलं की पुन्हा निळं होतं.

आतून ऊब: वाइंडिंगमधून करंट

पेटीने बाहेरचे थर वाळतात, पण जाड कॉईलच्या पोटातली ओल हट्टी असते. ३० अंशांना धरलेला आकडा २०-३० मेगाओहमवर अडून राहिला तर पेटीला आतून मदत द्या. एचटीची दोन टोकं जाड तारेने घट्ट शॉर्ट करा. मधला टॅप मोकळा ठेवा. प्रायमरीला अगदी थोडं व्होल्टेज द्या, म्हणजे लोखंडात जवळजवळ काहीच न होता फक्त तांबं तापेल.

समजा ट्रान्सफॉर्मर १ केव्हीएचा, २३० व्होल्ट प्रायमरीचा आहे. पूर्ण करंट ४.३ अँपिअर. त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे २.६ ते ३.२ अँपिअर पुरे. शॉर्ट असताना एवढा करंट साधारण दहा-पंधरा व्होल्टलाच वाहतो. हे व्होल्टेज डिमरस्टॅटवरून (नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायच्या साधनावरून) थेट घेऊ नका. डिमरस्टॅट ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. प्लग उलटा बसला तर नॉब शून्यावर असतानाही टोकावर फेज असते, आणि नॉबला कुणाचा धक्का लागला तर प्रायमरीवर २३० व्होल्ट जातात. डिमरस्टॅटपुढे २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर लावा आणि त्याच्या सेकंडरीतून प्रायमरी भरा. मग नॉब पूर्ण फिरला तरी २४ व्होल्टच्या वर जाणार नाही. तरीही २५०० व्होल्टच्या वाइंडिंगवर शॉर्ट सुटला तर अडीचशेच्या आसपास व्होल्ट येतात, म्हणून शॉर्टची तार स्क्रूने कसा, मगरचिमटा नको.

पोटातलं तापमान तापमापकाने कळत नाही, तांब्याच्या रोधावरून कळतं. सुरू करण्याआधी ३० अंशांना एचटीचा डीसी रोध लिहून ठेवा. तो १२० ओहम असेल तर ७० अंशांना १३८ होईल. (हिशोब: २३४.५ अधिक नवं तापमान, भागिले २३४.५ अधिक जुनं तापमान, गुणिले जुना रोध.) १३८ झाले की करंट कमी करा. मल्टिमीटरचे प्रोब काढताना उघडा धातू धरू नका. वाइंडिंगचा इंडक्टन्स बोटाला चांगला झटका देतो.

व्हॅक्यूम: शेवटचा उपाय

हवा काढून घेतली की पाणी कमी तापमानाला उकळतं: ५० अंशांना ९२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला, ६० अंशांना १४९ ला, ७० अंशांना २३४ ला. म्हणजे पन्नासेक मिलिमीटरपर्यंत खेचणारा साधा पंपही ६० अंशांच्या ट्रान्सफॉर्मरमधून पाणी अक्षरशः उकळून काढतो. एसी दुरुस्त करणाऱ्यांचा दोन टप्प्यांचा पंप छान चालतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसरही लोक वापरतात, पण वाफ त्याच्या तेलात शिरते आणि तो लवकर मरतो. कुठलाही पंप असो, मध्ये सिलिका जेलची बरणी ठेवा आणि तेल दुधाळ झालं की बदला.

भांडं हा खरा प्रश्न आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार सातशे किलोच्या वर असतो. पत्र्याचा डबा क्षणात चपटा होतो, काचेची बरणी फुटून तुकडे उडतात. मोठा जाड कुकर लहान ट्रान्सफॉर्मरला चालतो, पण ज्याचं झाकण बाहेरून बसतं तोच. आतून अडकणारं झाकण व्हॅक्यूममध्ये खाली ओढलं जातं आणि रबर सुटतं.

दोन गोष्टी पक्क्या. निर्वातात ऊब पोचत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आधी पेटीत पूर्ण तापवा आणि गरम असतानाच भांड्यात घाला. चार तास खेचा, पुन्हा तापवा, पुन्हा खेचा. आणि व्हॅक्यूम चालू असताना मेगर लावू नका. विरळ हवा फार सहज फुटते; योग्य दाब आणि अंतर जुळलं तर ३३० व्होल्टच्या आसपासही ठिणगी पडते. मोजायचं ते हवा परत भरल्यावर, आणि ती हवाही सिलिका जेलमधून आत सोडा. डांबर किंवा मेण भरलेल्याला गरम करून व्हॅक्यूम देऊ नका, भराव फसफसून बाहेर येतो.

तेलाचा ट्रान्सफॉर्मर

तेल बदललं की झालं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तेलातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जवळजवळ सगळी ओल कागदात असते; तेलात असते ती नगण्य. नवं कोरडं तेल भरलं की आकडा सुधारतो, मग कागद त्यात ओल सोडतो आणि काही आठवड्यांनी तेच. तळाच्या कॉकमधून कोरड्या काचेच्या बाटलीत नमुना घ्या, पहिलं पावशेर तेल टाकून द्या. चमचाभर तेल टेस्ट ट्यूबमध्ये तापवल्यावर चरचर आवाज आला तर त्यात मोकळं पाणी आहे. आवाज न येणं म्हणजे कोरडं असणं नव्हे. खरा आकडा ब्रेकडाउन व्होल्टेजचा. अडीच मिलिमीटर गॅपला ३० किलोव्होल्टच्या खाली असेल तर ते तेल वापरू नका. बडोदेकरांची सोय अशी की मकरपुऱ्यात इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, म्हणजे एर्डा, आहे आणि तिथे तेलाची चाचणी होते.

जुन्या अमेरिकन संचातला डबा असेल आणि त्यावर पायरॅनॉल, इनर्टीन, अस्कारेल असं काही लिहिलेलं असेल तर झाकण उघडू नका. ते पीसीबी आहे, अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ साली बंदी आली. कपॅसिटरवरही हीच नावं पाहा. गळत असेल तर उघड्या हाताने पुसू नका, तापवू तर मुळीच नका.

वॉर्निश

वाळवून तसाच ठेवला तर पुढच्या जुलैत हाच लेख पुन्हा वाचावा लागेल. पण वॉर्निश फक्त पूर्ण वाळलेल्या मालाला. ओल असताना लावलं तर ती कायमची आत कोंडते. कोअर ५०-६० अंशांना कोमट असताना एअर-ड्राय इन्सुलेटिंग वॉर्निशमध्ये बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास. मग टांगून सात-आठ तास निथळू द्या. थिनरची वाफ पूर्ण गेल्याशिवाय बल्बच्या पेटीत ठेवू नका. ठिणगी पडली तर पेटी पेटते. मेण भरलेल्या कॉईलला वॉर्निश धरत नाही, तिथे तो नाद सोडा. फार जुन्या, सुती कापडाच्या तारेवर आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहा: थिनरने जुना लेप सुटत असेल तर थांबा.

पुन्हा चालू करताना

एचटी मोकळी, प्रायमरीला १०० वॅटचा सिरीज बल्ब, आणि मागे डिमरस्टॅट. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं. खोलीत अंधार करा आणि कान द्या. निळसर झाक किंवा सिसकारी आली तर मागच्या पायरीवर या. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. उजळच राहिला तर वेढे शॉर्ट झालेले आहेत, आणि ते वाळवून सुटत नाहीत. सगळं शांत असेल तर बल्ब काढून तासभर विनाभार चालवा, मग रेक्टिफायर जोडा. रेक्टिफायरचं फिलामेंट डिमरस्टॅटवर घेऊ नका; त्याला पूर्ण व्होल्टेज हवं.

पुढे पावसाळाभर कॅबिनेटच्या तळाशी १५ वॅटचा बल्ब कायम लावून ठेवा. आतलं तापमान खोलीपेक्षा पाच-सात अंश वर राहिलं की ओल धरत नाही.

इथे थांबा

पाच दिवसांच्या पेटीनंतरही ३० अंशांचा आकडा १० मेगाओहमच्या वर येत नसेल, मेगरचा काटा एकाच व्होल्टेजला वारंवार आपटत असेल, करपल्याचा वास येत असेल, सिरीज बल्ब मंद होत नसेल, किंवा डीसी रोध अनंत दाखवत असेल, तर घरचं काम संपलं. ५ किलोव्होल्टच्या वरचा, तिघांनी उचलावा लागणारा, किंवा अनोळखी तेलाचा ट्रान्सफॉर्मर तर पहिल्यापासूनच जाणत्याच्या हातात द्या.

देताना मोटर वाइंडिंगवाल्याकडे देऊ नका, ट्रान्सफॉर्मर वाइंड करणाऱ्याकडे द्या. मोटरवाला तार गच्च गुंडाळतो; एचटी कॉईलला प्रत्येक थरावर कागद, कडेला मोकळी जागा आणि थरांच्या टोकांना जास्तीचं लेदरॉइड लागतं. जुनी कॉईल कापून फेकण्याआधी वेढे आणि तारेचा गेज मोजून लिहून द्यायला सांगा, आणि मधला टॅप अर्थला असतो की नाही हे तुम्ही त्याला लिहून द्या. नवीन वाइंडिंगची चाचणी सामान्यतः कामाच्या व्होल्टेजच्या दुप्पट अधिक एक हजार व्होल्टला, एक मिनिट होते. न उकललेल्या, नुसत्या वाळवलेल्या जुन्या कॉईलवर ती पूर्ण चाचणी करू देऊ नका. धडधाकट कॉईलही त्यात जाऊ शकते. परत आणल्यावर मेगरचा आकडा आणि त्या दिवशीचं तापमान चिठ्ठीवर लिहून फ्रेमला चिकटवा, पुढच्या जुलैत ताडून पाहायला तोच आकडा लागेल.